पाण्याखालची लढाई : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कल्पित वीरांच्या भूमिका घेऊन फाशांच्या साह्याने खेळल्या जाणाऱ्या आणि १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात लढाई पाण्यात शिरली, की जाणते खेळाडूसुद्धा नियमावलीतील कलम बाजूस सारून आपापल्या तर्काचा आश्रय घेतात.

सर्वांत दृढमूल गैरसमज असा, की श्वासाची तजवीज झाली म्हणजे पाण्याची बाधा सरली. ‘वॉटर ब्रीदिंग’ हा मंत्र दहा जणांना चोवीस तास जलश्वासाचे सामर्थ्य देतो खरा. पण पोहण्याची स्वतंत्र गती तो देत नाही, आणि २०१४ च्या नियमांचा सारा भर या गतीवरच आहे. भूमीवर एका पाळीत ३० फूट चालणारा योद्धा ती नसल्यामुळे पाण्यात १५ फूटच सरकतो, आणि त्याच्या हाती लांब तलवार असेल तर प्रत्येक वाराला वीस पैलूंचा फासा दोनदा टाकून त्यांतील लहान आकडा त्यास पत्करावा लागतो. म्हणजे एरवी ११ वा अधिक आकड्याने साधणाऱ्या वाराची शक्यता निम्म्यावरून पावावर येते. समोरचा साहुआगिन हा मत्स्यमानव मात्र पाळीगणिक ४० फूट पोहतो आणि घायाळ शत्रूवर दोन फाशांतील मोठा आकडा घेतो. या प्रसंगी योद्ध्याने तलवार म्यान करून खंजीर, भाला, फेकभाला, त्रिशूळ किंवा आखूड तलवार उचलावी, कारण या शस्त्रांना नियमानेच सवलत आहे. २०२४ च्या आवृत्तीत तर ही सवलत भोसकणाऱ्या प्रत्येक शस्त्राला मिळाल्याने पूर्वी वगळलेले रेपियरही तीत आले.

अग्नी पाण्यात विझतो, सबब ‘फायरबॉल’ निष्फळ ठरतो, ही समजूत बहुधा २००३ च्या साडेतीनाव्या आवृत्तीतून उतरली असावी; तीत अग्निमंत्र पाण्याखाली चालवण्यास २० अधिक मंत्राची पातळी एवढ्या कठीण कसोटीस उतरावे लागे. २०१४ पासून मंत्र निर्वेध चालतो. पूर्ण बुडालेल्यास होणारी इजा तेवढी निम्मी होते, म्हणजे सरासरी २८ च्या जागी १४. विजेविषयी तर कलमच नाही : ‘लाइटनिंग बोल्ट’ पाण्यातही १०० फूट लांब व ५ फूट रुंद रेषेतच जातो, सभोवार पसरत नाही.

बुडून मरण्याची धास्तीही अवास्तव आहे. मध्यम प्रकृतीचा, म्हणजे १४ कॉन्स्टिट्यूशनचा वीर तीन मिनिटे श्वास रोखतो, आणि सहा सेकंदांची एक फेरी धरली तर त्या तीस फेऱ्या होतात. बहुतेक झुंजी त्याच्या कितीतरी आधी निकालात निघतात.

जड चिलखत घातलेला वीर तळाशी जातो, हेही जुन्याच नियमांचे अवशेष. साडेतीनाव्या आवृत्तीत पोहताना चिलखताचा दंड दुप्पट होई, २०१४ मध्ये तशी तरतूद नाही. खवळलेल्या पाण्यात अ‍ॅथलेटिक्सची कसोटी मागण्याची मुभा खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरला आहे. परंतु चिलखताविषयी स्वतःचा वेगळा हुकूम काढावयाचा असेल, तर तो त्याने वीर काठावर असतानाच सांगावा, म्हणजे ज्यास चिलखत उतरवावयाचे आहे त्यास ते उतरवता येईल.