मोत्याच्या गावातली खतावणी

लेकीकडे तीन आठवडे राहायला म्हणून बहारीनला गेलो, तेव्हा डोक्यात पामच्या आमच्या जुन्या घराचा घोळ होता. निघायच्या आदल्या दिवशी पुतण्या म्हणाला, ‘काका, कौलं उतरवायला माणसं मिळालीत. घर नीट करू, मागच्या पडवीत चार खोल्या काढू. केळव्याला येतात तसे पर्यटक आपल्याकडेही येतील. तुम्ही फक्त हो म्हणा.’ मी ‘आल्यावर बघू’ म्हटलं. बँकेत तीस-बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे उत्तर फार सोपं जातं.

जावई म्हणाले, ‘बाबा, घर दुरुस्त करायचंय ना? मग मुहर्रक बघाच.’

मुहर्रक हे राजधानी मनामाला पुलांनी जोडलेलं शेजारचं बेट. मोत्यांच्या व्यापाराच्या भरभराटीत हेच बहारीनचं मुख्य गाव होतं. 2012मध्ये युनेस्कोनं इथला मोत्यांचा वारसा जागतिक यादीत घेतला. त्यात समुद्रातल्या शिंपल्यांच्या तीन खाणी, किनाऱ्याचा एक तुकडा, बू माहिर किल्ला आणि गावातल्या सतरा इमारती आहेत. त्यांना जोडणारी सुमारे साडेतीन किलोमीटरची वाट आहे. आपल्या गावठाणातल्यासारख्या बोळांतून ती जाते. वळणावळणाला खांबांवर मोत्यासारखे गोल दिवे. 2019 साली मुहर्रकच्या या पुनरुज्जीवनाला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कारही मिळाला.

घरं बाहेरून अगदी अबोल. रस्त्याकडे जाड, पांढरी भिंत आणि एक दार. सगळा डौल आतल्या चौकात. भिंती समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाच्या, वर जिप्समचा गिलावा. छताला पूर्व आफ्रिकेतून गलबतांनी आणलेले खारफुटीचे वासे, त्यांवर खजुराच्या झावळ्यांच्या चटया. दारांचा साग मात्र आपल्या देशातून गेलेला. हात फिरवला तेव्हा माजघराच्या दाराची आठवण झाली. शेख ईसा बिन अली हे 1869 साली गादीवर आले, त्यांच्या वाड्यात वारा पकडून खालच्या खोलीत सोडणारा मनोरा आहे. बाहेर अंग भाजत होतं, आणि त्याच्याखाली उभं राहिल्यावर मानेवर झुळूक आली. आमच्या सौ. तिथून हलायलाच तयार नव्हत्या.

सियादी या मोत्यांच्या व्यापाऱ्याच्या बैठकीत जिप्समवरचं नक्षीकाम पाहत मी बराच वेळ बसलो. व्यापारी लाल कापडावर मोती ओतून, पितळी चाळण्यांनी लहान-मोठे वेगळे करीत. मग निवडक माल मुंबईला. मुंबई ही त्या मोत्यांची मोठी पेठ. मोल ठरवायचं ‘चव’ हे मापही आपल्याकडचंच. 1912मध्ये पॅरिसचे जाक कार्तिये बहारीनला आले ते हेच मोती थेट मिळतात का, हे पाहायला. आणि हिशेब रुपयांत! आपला रुपया तिथे कित्येक वर्षं चालत होता. पुढे सोन्याच्या चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेनं 1959 साली आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. 1965मध्ये बहारीननं दहा रुपयांना एक या दरानं स्वतःचा दिनार आणला. जावयांना हे ठाऊक नव्हतं. सेवानिवृत्त माणसाला एवढंही पुरतं.

पण त्या वाटेवर पाणबुड्याचंही घर आहे. जागा लहान, नक्षी नाही. इथं मला माझ्या ओळखीचा विषय भेटला: कर्ज.

मोत्यांचा हंगाम उन्हाळ्यातला, चारेक महिन्यांचा. नाकाला चिमटा, पायाला दगड, गळ्यात जाळीची पिशवी. एका दमात मिनिट-सव्वा मिनिट पाण्याखाली, दिवसभर पुन्हा पुन्हा. नावेचा प्रमुख नाखुदा (आपल्या कोळीवाड्यातला नाखवा, शब्द एकच) हंगामाआधी घरखर्चाला उचल देई. हंगामाच्या शेवटी मोत्यांच्या वाट्यातून ती वळती होई. बहुतेकांची पुरती फिटत नसे. बाकी पुढच्या वर्षाच्या पानावर. पाणबुडा मेला तर ती मुलाच्या, भावाच्या गळ्यात पडे. 1920च्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांच्या पुढाकारानं सुधारणा झाल्या. प्रत्येक पाणबुड्याच्या हाती त्याच्या हिशेबाची वही आली, वारशानं येणारं कर्ज बंद झालं. मग जपानचे कृत्रिम पैदाशीचे मोती आले, जगभर मंदी आली, उचल आटली. 1932 साली पाणबुड्यांनी दंगा केला. त्याच वर्षी बहारीनच्या जमिनीतून तेल निघालं.

उचल, बाकी, पुढचं पान. पालघर-डहाणूच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं उचल घेऊनच निघतात. पावसाळ्यात सावकार आदिवासींना खावटी देत, भात निघालं की दिढीनं वसूल करीत. लग्नासाठी घेतलेल्या चार पैशांपायी नवराबायको दोघं सावकाराच्या दारात राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. 1945मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले ते या वेठीविरुद्ध.

आमच्या आजोबांचा भाताचा आणि गवताचा धंदा होता. पामच्या घराचे सागाचे खांब त्यातूनच उभे राहिले. ‘आपल्याकडे लग्नगडी नव्हते,’ असं वडील सांगत. मी ते ऐकून घेतलं. माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या खतावण्या होत्या. नोकरीत दुसऱ्यांची खाती बारकाईनं तपासणाऱ्या मी त्या एकदाही सोडल्या नाहीत. कंटाळा, धूळ, दमा ही कारणं खोटी नव्हती. पण पुरेशीही नव्हती.

पाणबुड्याच्या घराच्या उंबऱ्यावर बसूनच पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘बरं झालं केलात. माळा रिकामा करतोय, त्या वह्या रद्दीत देऊ?’

‘हात लावू नकोस,’ मी जरा जोरातच म्हणालो. सौ.नी वळून पाहिलं.

परतलो तेव्हा वह्या प्लॅस्टिकच्या पोत्यात घालून ओटीवर ठेवलेल्या होत्या. कसरीनं निम्मी पानं खाल्लेली. मोडी मला जेमतेम लागते, पण आकडे आणि महिने लागले. आषाढात भात एक मण. दिवाळीनंतर जमा दीड. पानामागून पान तसंच. चौथ्या वहीत एके ठिकाणी भात नव्हतं, रोकड तीस रुपये होते. पुढे ‘लग्न’ एवढा एकच शब्द, आणि त्याखाली अंगठे दोन. एक मोठा, एक लहान. जमेची बाजू कोरी.

पुतण्यानंही ते पाहिलं. बराच वेळानं म्हणाला, ‘काका, हे कुठं ठेवायचं?’

माजघरात आजोबांच्या गादीच्या वर एक कोनाडा आहे. सुतार त्याला कपाट करणार होता. मी त्याला म्हटलं, तो मोकळा ठेवायला सांग; आणि दार बसवायचंच असेल तर काचेचं बसव.