संकर-4 आणि हातातून गेलेली सरकी

2025 च्या खरिपात बीटी कापसाच्या 475 ग्रॅमच्या पाकिटाला सरकारनं 901 रुपये भाव ठरवला. आदल्या वर्षी तो 864 होता. त्याच ऑगस्टात केंद्रानं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं. बियाणं महाग झालं आणि विकायच्या वेळी दारात बाहेरचा कापूस आला. माझे खानदेशातले भाऊबंद आता सुरतेला येतात ते उधना-लिंबायतच्या लूमवर काम शोधायला. शेतीचा विषय निघाला की आधी बियाण्याच्या पाकिटावर बोलतात, मग पावसावर. आमच्या आजोबांच्या काळी हा खर्चच नव्हता. जिनातून सरकी परत यायची, त्यातली चांगली निवडून, शेणमातीत चोळून पेरायची. ती सोय का गेली याचं उत्तर याच शहरात आहे, अठवा फार्मवरच्या मुख्य कापूस संशोधन केंद्रात. जगातलं पहिलं व्यापारी संकरित कापूस वाण 1970 मध्ये डॉ. सी. टी. पटेल यांनी तिथून दिलं. त्याचं नाव संकर-4. पन्नासहून जास्त वर्षं झाली त्याला.

त्याआधीची शंभरेक वर्षं मी भराभर ओलांडतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांनी सुरती कापूस नाइलाजानं घेतला आणि आखूड धाग्यावरून नाकं मुरडली. मग इथल्या फार्मवर 1027 ए.एल.एफ., सुयोग असे देशी वाण निघाले. त्या काळातली एकच गोष्ट मला मोलाची वाटते. देशी कापसाच्या पेशीत 26 गुणसूत्रं, अमेरिकन कापसाच्या पेशीत 52. दोघांचा संकर केला की रोपाला 13 आणि 26 मिळून 39 गुणसूत्रं येतात. ते रोप वाढतं झकास, कारण वाढीला सूत्री विभाजन पुरतं: प्रत्येक गुणसूत्राची प्रत निघते, दोन्ही पेशींना पूर्ण संच मिळतो, 39 चे 39 च राहतात. अडतं ते फुलात. पराग आणि बीजांड तयार होताना अर्धसूत्री विभाजन लागतं आणि तिथे प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार हवा असतो. 13 जोड्या जमतात, 13 गुणसूत्रं एकटी राहतात, वाटणी विस्कटते आणि पराग वांझ निघतात. तरीही एखाददुसरं सुपीक फूल हुडकून, त्यावर अमेरिकनाचे पराग पुन्हा पुन्हा टाकून सुरतच्या माणसांनी देवीराज, देवीतेज हे वाण उभे केले. हे काम जनुकशास्त्राच्या कुठल्याही मोठ्या प्रयोगशाळेच्या तोडीचं होतं, आणि ते सरकारी पगारावर, उघड्या रानात झालं.

सत्तरचं दशक मात्र माझं स्वतःचं. मी तेव्हा सुरतेत बी.एस्सी. करत होतो. सूत्री विभाजनासाठी कांद्याच्या मुळाचं टोक सगळीकडेच वापरतात, आम्हीही वापरलं. पण अर्धसूत्री विभाजन आम्ही कापसाच्या पातीवर, म्हणजे कळीवर, पाहिलं. अगदी कोवळी पाती सोलायची, आतले पिवळट परागकोश काचपट्टीवर घ्यायचे, अ‍ॅसिटोकार्मिनचा थेंब टाकून सुईनं चिरडायचे, वर झाकणकाच ठेवून अंगठ्यानं दाबायचं. दहातल्या नऊ पट्ट्यांत काहीच दिसायचं नाही. पाती जरा मोठी असली तर विभाजन उरकलेलं असायचं, जरा लहान असली तर सुरूच झालेलं नसायचं. आणि मग एखाद्या पट्टीवर त्या लालसर जोड्या मध्यभागी रांगेला लागलेल्या दिसायच्या. ती रांग पाहिलेला माणूस संकरित बियाण्याबद्दल कधी फसत नाही, असं माझं आजही मत आहे.

संकर-4 ची मादी गुजरात-67, नर अमेरिकन नेक्टरीलेस, दोन्ही 52 गुणसूत्रांचे. फार्मवरचं क्रॉसिंग आम्ही दुपारी बघायला जायचो. उद्या उमलणारी कळी बाया नजरेनंच ओळखायच्या. अंगठ्याचं नख पाकळ्यांच्या बुडाशी खुपसून एका फिरकीत पाकळ्या आणि केसरनळी दोन्ही उतरवायच्या. मधला स्त्रीकेसर तेवढा उभा राहायचा, त्याला जराही धक्का लागता कामा नये. वर लाल कागदाची नळी. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून ते त्यावर फिरवायचं, एका फुलात चार-पाच कळ्या भागायच्या, आणि देठाला दोरा. संकर-4 च्या बियाण्याचं एकेक बोंड असं हातानं तयार झालं. कापसात हे परवडणार नाही असं जगभरचे लोक मानत होते. सुरतेनं ते करून दाखवलं. 28-29 मिलिमीटरचा धागा देशातच पिकू लागला, ज्यासाठी आपण इजिप्त आणि सुदानकडे बघायचो. 1972 मध्ये धारवाडहून वरलक्ष्मी आली. खानदेश, वऱ्हाड, मराठवाडा, सगळीकडे संकर शिरला. त्या दिवसांतला उत्साह मी विसरणार नाही.

आणि त्याच दिवसांतला एक राग अजून निवलेला नाही. तळोदा तालुक्यातल्या माझ्या काकांनी एका दुकानदाराकडून संकर-4 म्हणून पोतं घेतलं. ती जिनातली सरकी होती, संकराच्या कापसाची पुढची पिढी. ऑगस्टात शेत बघितलं तर एक झाड कमरेएवढं, शेजारचं गुडघ्याएवढं, एकाला पाती भरलेल्या, दुसरं नुसतं पानांनी माजलेलं. गावानं जमिनीला दोष दिला, काकांनी नशिबाला. कारण एवढंच होतं की संकराच्या झाडानं पराग आणि बीजांड करताना आईबापांकडून आलेली गुणसूत्रं पत्त्यांसारखी पिसली होती. 26 जोड्या, म्हणजे एकेका परागात 6 कोटी 71 लाखांहून जास्त तऱ्हांची वाटणी शक्य, आणि जोडीतल्या गुणसूत्रांनी आपसात तुकडे बदलले ते वेगळेच. पहिल्या पिढीचं एकसारखं जोमदार शेत दुसऱ्या पिढीत टिकणं शक्यच नव्हतं. गावोगाव फिरणारे अधिकारी एवढंच सांगायचे की संकराचं बी धरू नका. का धरू नका, हे विचारलं की उत्तर यायचं, तुम्हाला काय करायचंय. सातवी शिकलेल्या शेतकऱ्याला पातीतली ती वाटणी कागदावर काढून दाखवली असती तर समजली असती. कोणी दाखवली नाही. तेव्हापासून शेतकऱ्याला बियाण्याचं गिऱ्हाईक करून टाकलं, आणि गिऱ्हाइकाला कारण सांगावं लागत नाही.

पुढची वर्षं बेचव. 1972 मध्ये उकाई धरण झालं, सुरत जिल्ह्यातल्या काळ्या रानात कालव्याचं पाणी आलं आणि कापसाच्या जागी ऊस लागला. शहर कृत्रिम धाग्याच्या साड्यांकडे वळलं. कापूस बाजारात शंकर-6 या संकर वाणाचं नाव आजही भाव ठरवायला वापरतात, शेतात मात्र ते वाण राहिलेलं नाही. बियाण्याचं काम हळूहळू सरकारी फार्मवरून कंपन्यांकडे गेलं. ते नखानं कळी सोलण्याचं काम पुढे साबरकांठा-बनासकांठाच्या प्लॉटांवर डुंगरपूरकडच्या आदिवासी मुलांकडून करून घेतलं गेलं. ज्या हुन्नराचा मला अभिमान वाटायचा त्याची ही गत झाली.

2002 मध्ये बीटी आलं आणि आपल्याकडे ते संकरातच भरलं. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया इथे बीटी कापूस सरळ, म्हणजे बिनसंकरित वाणांत आहे. संकरात आईबापांपैकी एकाकडूनच अळी मारणाऱ्या विषाचं जनुक आलं की बोंडातल्या बियांत पुन्हा तीच वाटणी होते: चारातल्या एका बीत जनुकच नसतं. दोन जनुकं घातली तरी काही बियांत एकच उरतं. गुलाबी बोंडअळी नेमकी बी खाते. एकाच बोंडात तिला विषाची आणि बिनविषाची, दोन्ही बियं मिळतात, आणि विष पचवणाऱ्या अळ्यांची निवड शेतातच होत जाते. 2010 मध्ये अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या जिल्ह्यांतल्या अळ्यांवर पहिलं, एका जनुकाचं बीटी चालत नसल्याचं ते आणणाऱ्या कंपनीनंच जाहीर केलं. काही वर्षांत दोन जनुकांचं दुसरं बीटीही गुजरातेत निकामी होऊ लागलं. 2017 मध्ये महाराष्ट्रातली बोंडं किडली आणि त्याच हंगामात यवतमाळला फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. पातीत काय घडतं हे ज्यांना पक्कं माहीत होतं त्यांनी हे आधी सांगायला हवं होतं.

सरळ वाण देण्याचा प्रयत्न झाला नाही असं नाही. बिकानेरी नरमा हे सरकारी बीटी वाण 2008 मध्ये आलं. त्याचं बी घरी धरता येत होतं. पण त्यात कंपनीचं जनुक मिसळलेलं निघालं आणि ते मागे घ्यावं लागलं. सरकारी संशोधनाच्या त्या ढिलाईची किंमत शेतकरी अजून भरतो आहे. त्यानंतर नागपूरची केंद्रीय संस्था आणि अकोल्याचं विद्यापीठ यांनी बीटी सरळ वाण दिले. आमच्याकडच्या कृषी सेवा केंद्रात ते मागितले तर दुकानदार संकराचं पाकीट पुढे करतो.

संकर-4 बद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. कोरडवाहू माणसाला मात्र आज लवकर येणारं, दाट लावता येणारं, घरची सरकी धरता येणारं वाण हवं आहे. कृषी विद्यापीठांनी येत्या मृगाआधी त्याचं बियाणं तालुक्यापर्यंत पोचवावं. आणि सुरत, नंदुरबार, जळगावच्या जीवशास्त्राच्या शिक्षकांना विनंती आहे: यंदा अर्धसूत्री विभाजन शिकवताना फळ्यावर मेंडेलचे वाटाणे काढाच, पण एक दिवस वर्गात कापसाची पाती आणा आणि मुलांना सांगा की घरी जाऊन वडलांना हे समजावून द्या.