ओढ्यातली शिंगटी नेमकी कोणती? ॲप काहीही सांगो, नकाशा बघा

येडशी : पावसाळ्यात ओढ्यात मिशावाला, बिनखवल्याचा मासा दिसला की बहुतेक जण ‘शिंगटी’ म्हणून मोकळे होतात. हल्ली मोबाईलवर फोटो टाकला की ॲप शास्त्रीय नावही सुचवतं. गडबड तिथंच होते.

ॲप अनेकदा ‘मिस्टस कॅव्हॅसियस’ असं नाव देऊ शकतं. पण हा मासा हॅमिल्टननं १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातून नोंदवलेला. दख्खनची शिंगटी वेगळी. तिची नोंद कर्नल साईक्सनं १८३९ मध्ये केली आणि नावही आपल्याच बोलीतलं ठेवलं : ‘मिस्टस सीन्गटी’. (नकट्या तोंडाच्या एका माशाला त्यानं ‘नुक्ता’च म्हटलं!) दोन्ही शिंगट्या दिसायला इतक्या सारख्या, की पुढं कित्येक वर्षं त्या एकच समजल्या गेल्या. २००५ मध्ये अभ्यासकांनी त्या पुन्हा वेगळ्या केल्या.

म्हणून नाव आलं की ते ‘फिशबेस’वर तपासा. फुकट आहे. इंग्रजी अक्षरांत एस-डबल ई-एन-जी-टी-डबल ई टाका आणि मासा कोणत्या नद्यांत आढळतो ते वाचा. ‘आयनॅचरलिस्ट’वर लोकांनी टाकलेल्या नोंदींचे ठिपके नकाशावर दिसतात. मासा फक्त उत्तरेत दिसत असेल, तर ॲपवर लगेच विश्वास नको.

आपला ओढा कुठं जातो तेही लिहा. धाराशिव जिल्ह्यातलं काही पाणी तेरणा-मांजरामार्गे गोदावरीला, तर काही सीना-भीमामार्गे कृष्णेला मिळतं. माशांचे नकाशे खोऱ्यावर चालतात, तालुक्यावर नाही.

नकाशाही फसवतो, बरं का. ठिपका नाही म्हणजे मासा नाही असं नव्हे. तिथून कुणी फोटोच टाकला नसेल. उलट रोहू-कटला मूळचे गंगेकडचे, तरी बीज सोडल्यामुळं आपल्या तलावांत सापडतात. चिलापी तर आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आणलेली. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळं पिल्लं जास्त जगतात आणि ती झपाट्यानं पसरते. चिलापी येण्याआधी ओढ्यात कोणते मासे होते याची नोंदच नसेल, तर नंतर काय गेलं हे कळणार कसं?

फोटो काढताना मासा पाण्यासह पारदर्शक बरणीत घ्या. एका बाजूनं पूर्ण, शेपटीपर्यंत दिसू द्या. शिंगटीच्या मिशांच्या चार जोड्या आणि पाठीवर मागं असलेला मऊ, मांसल पंख स्पष्ट यायला हवा. बरणीला नाणं टेकवा, म्हणजे आकार कळतो. काट्यापासून हात जपा, ठणका लागतो. मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा आणि गावातलं नावही लिहा. मग मासा पाण्यात सोडा.

रामलिंग घाट अभयारण्याच्या हद्दीत मात्र मासा धरायचा नाही. तिथं काठावरूनच फोटो.