कादंबरीवाचनाचा चातुर्मास

आषाढी एकादशी जवळ आली कीं आपल्या घराघरांत नेमांची बोलणीं सुरू होतात. कोणी कांदा-वांगें सोडतें, कोणी पानांत पडेल तें मुकाट्यानें जेवण्याचें ठरवितें, कोणी रोज पोथीचा एक अध्याय वाचण्याचा संकल्प करतें. नेमाचें मर्म असें कीं, तो आपल्या आवडीला वेसण घालतो. जें सहज घडतें त्याला नेमाची गरजच नसते. पण वाचनाच्या बाबतींत आवडीला वेसण घालावी असें आपल्यापैकीं कितीजणांच्या मनांत येतें? आवडेल तें वाचावें, हाच तेथील एकमेव नियम! दोन वर्षांपूर्वीं आमच्या घरीं या समजुतीला धक्का बसला. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी म्हणून हा लेख लिहीत आहें.

आमचें घर तसें वाचणारांचें. माजघरांतलीं दोन कपाटें कादंबऱ्यांनीं भरलेलीं आहेत. सासूबाईंचें वय एकोणऐंशी. फडके-खांडेकर त्यांनीं लग्नापूर्वींच वाचून संपविले होते. धाकटे भावजी बँकेच्या नोकरींतून निवृत्त झालेले, जाऊबाई शिक्षिका, आणि पुतणी महाविद्यालयांत शिकणारी. त्या वर्षीं जानेवारींत पुतणीनें मोबाईलवरून एक नवीन टूम घरांत आणली. इंटरनेटवर दरवर्षीं वाचनाचें आव्हान असतें म्हणे! वर्षांत किती पुस्तकें वाचणार तें आरंभीं जाहीर करावयाचें, आणि एकेक संपेल तशी नोंद करीत जावयाचें. आम्ही सर्वांनीं उत्साहानें पन्नासाचा आंकडा धरला.

पुढें काय झालें तें सांगावयास थोडी लाजच वाटते. होळी येईतों आम्ही पुस्तकें जाडी पाहून निवडूं लागलों. दोन आठवड्यांत मीं पांच पुस्तकें उरकलीं, आणि त्यांतील एकाहि नायिकेचें नांव आज मला आठवत नाहीं. एके दुपारीं माझी ही घाई पाहून सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर लक्ष वातींची मोजणी झाली. वाती मोजून पुण्य लागत असेल. पुस्तकें मोजून काय लागतें?"

त्या प्रश्नानें भावजी विचारांत पडले. त्यांनीं कपाटांतील कादंबऱ्या खालीं काढल्या आणि प्रत्येक कथेंतलें मुख्य घर कोठलें व कोणाचें, याचा हिशेब मांडला. बहुतेक घरें पुण्यामुंबईचीं निघालीं. बहुतेक नायकांचीं आडनांवें आमच्या लग्नपत्रिकांत शोभतील अशीं होतीं. पन्नास-साठ वर्षें आम्ही वाचीत होतों खरे, पण शेजारच्या बिऱ्हाडापलीकडे गेलों नव्हतों!

त्याच रात्रीं भावजींनीं आम्हांला अ‍ॅन मॉर्गन या लंडनच्या लेखिकेची गोष्ट सांगितली. आपल्या घरांतील पुस्तकांकडे पाहतांना तिच्याहि लक्षांत आलें होतें कीं, जवळजवळ सारे लेखक ब्रिटन-अमेरिकेचेच आहेत. तेव्हां २०१२ या एका वर्षांत जगांतील प्रत्येक स्वतंत्र देशाचें एकेक पुस्तक वाचण्याचा तिनें संकल्प सोडला. १९६ देश आणि शिवाय कुर्दिस्तान, मिळून १९७ पुस्तकें! वाचावें काय, हें तिनें जगभरच्या अनोळखी वाचकांनाच विचारलें, आणि त्यांनीं तिला नांवें सुचविलीं, कोणी तर पुस्तकेंच पाठविलीं. साओ टोमे व प्रिन्सिपे या आफ्रिकेजवळच्या चिमुकल्या बेटांच्या देशाचें इंग्रजींत भाषांतर झालेलें पुस्तक मिळेना, तेव्हां कांहीं स्वयंसेवकांनीं तिच्यासाठीं पोर्तुगीजमधून एक पुस्तक भाषांतरित केलें. दक्षिण सुदान तर २०११ सालींच स्वतंत्र झालेला; तेथील एका लेखिकेनें तिच्यासाठीं मुद्दाम नवीन कथा लिहिली. या साऱ्या प्रवासावर अ‍ॅन मॉर्गननें २०१५ मध्यें एक ग्रंथहि प्रसिद्ध केला.

"आणि आपल्या देशाचें कोणतें पुस्तक वाचलें तिनें?" जाऊबाईंनीं विचारलें.

तें पुस्तक होतें एम. टी. वासुदेवन नायर यांची 'कालम्' ही मल्याळम् कादंबरी, इंग्रजी भाषांतरांतून. १९७० सालीं तिला साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालेलें. आम्ही पांचजण जेवणाच्या टेबलाभोंवतीं बसलों होतों, आणि पांचांपैकीं एकानेंहि तें नांव ऐकलेलें नव्हतें. लंडनच्या बाईला जें सांपडलें तें आम्हांला इतक्या वर्षांत दिसलें नव्हतें. त्या रात्रीं आमच्या वाचकपणाचा सारा ताठा उतरला.

१९७ पुस्तकांचा पराक्रम नोकरी-संसार सांभाळणाऱ्या घराला झेपणारा नव्हे. पण त्या बाईची पद्धत मात्र घेण्यासारखी होती. तिनेंहि संख्या मोजली, परंतु ती पुस्तकांची नव्हे, उंबरठ्यांची. आम्हीं तेंच आपल्या घरच्या रीतीनें करावयाचें ठरविलें. आषाढी ते कार्तिकी असा चातुर्मासाचा नेम, प्रत्येकानें चार महिन्यांत चारच कादंबऱ्या वाचावयाच्या. पहिली, ज्या समाजाच्या घरांत आपण कधीं पाऊल ठेवलें नाहीं अशा मराठी लेखकाची. दुसरी, भारताच्या अन्य भाषेंतली. तिसरी, परदेशची, पण इंग्लंड-अमेरिकेबाहेरची. आणि चौथी, ज्या प्रकाराला आपण आजवर नाक मुरडीत आलों त्या प्रकारची. पन्नास पानें वाचूनहि मन लागलें नाहीं तर पुस्तक सोडण्याची मुभा, मात्र त्याऐवजीं घ्यावयाचें तें त्याच वर्गांतलें. दर एकादशीला रात्रीं फराळ झाल्यावर वाचलेल्यावर बोलणें, आणि एका वहींत प्रत्येक पुस्तकापुढें एकच उत्तर लिहिणें: 'या पुस्तकांत मला कोण भेटलें?'

भावजींनीं दुसऱ्या वर्गासाठीं यू. आर. अनंतमूर्तींची 'संस्कार' ही १९६५ ची कन्नड कादंबरी घेतली, ए. के. रामानुजन् यांच्या इंग्रजी भाषांतरांतून. एका अग्रहारांत आचारभ्रष्ट ठरलेला नारणप्पा मरतो. त्याचे अंत्यसंस्कार करावे कोणी, या प्रश्नावर शास्त्रार्थ चालतो, आणि प्रेत तसेंच पडून राहतें. भावजींनीं पन्नास पानांनंतर पुस्तक मिटून ठेवलें. चार दिवसांनीं तें आपण होऊनच पुन्हां उघडलें. एकादशीला ते म्हणाले, "दूरच्या गांवीं जायला निघालों होतों वहिनी, आणि गाडी आपल्याच ओसरीवर येऊन उभी राहिली!" परक्या भाषेंतलें पुस्तक नेहमींच परकें जग दाखवितें असें नाहीं. कधीं तें आपलेंच घर अशा कोनांतून दाखवितें कीं, त्या जागीं आपण स्वतः कधीं उभें राहिलों नसतों.

जाऊबाईंचें माहेर सावंतवाडीचें. त्यांनीं दामोदर मावजो यांची 'कार्मेलीन' ही १९८१ ची कोंकणी कादंबरी मूळांतूनच वाचण्याचें धाडस केलें. लिपि देवनागरी आणि कानाला बोली ओळखीची. पहिलीं वीस पानें अडखळत गेल्या, मग सुरळीत झालें. मुलीला मागें ठेवून कुवेतला घरकामासाठीं जाणारी ही गोंव्याची ख्रिस्ती बाई जाऊबाईंच्या मनांत इतकी ठाण मांडून बसली कीं, आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंच्या लेकी कोणाजवळ राहतात, ही चौकशी घरांत प्रथमच झाली.

पुतणीला जुन्या कादंबऱ्यांचें वावडें. तिच्या वांट्याला चौथ्या वर्गांत हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' आली. १८९० पासून 'करमणूक' पत्रांतून क्रमशः येऊं लागलेली ही यमूची कहाणी तिनें आधीं हंसत हंसत उघडली आणि शेवटीं रडत मिटली. विस्तार केवळ देशांचाच होतो असें नव्हे. कालाचाहि उंबरठा असतो, आणि तो ओलांडणें तरुणांना अधिक जड जातें.

मीं परदेशच्या वर्गांत नायजेरियाच्या चिनुआ अचेबे यांची १९५८ ची 'थिंग्ज फॉल अपार्ट' घेतली. इग्बो लोकांच्या गांवांतील ओकोंक्वो हा त्या कथेचा नायक. घरीं आलेल्या पाहुण्यापुढें तेथें कोलाचें फळ ठेवून तें मानानें फोडण्याची चाल आहे. तें वाचतांना आपल्या पानसुपारीच्या तबकाची आठवण होऊन मला मौज वाटली. पण शेवटाशीं माझी मौज सरली. ओकोंक्वोचा सर्वनाश झाल्यावर तेथील इंग्रज कमिशनर मनाशीं ठरवितो कीं, आपण लिहिणार असलेल्या पुस्तकांत या माणसावर एक परिच्छेद खर्ची घालावा. दोनशें पानें ज्याच्या घरांत मीं काढलीं, ज्याच्या बायकामुलांचीं नांवें मला पाठ झालीं, त्याचा झाला काय, तर एक परिच्छेद! कादंबरी आणि माहिती यांतील अंतर मला त्या पानावर कळलें. माहिती माणसाला परिच्छेदांत बसविते; कादंबरी आपल्याला त्याच्या घरांत बसविते.

येथें एक आक्षेप हमखास निघतो. भाषांतरांत मूळचा रस राहतो काय? सगळा राहत नाहीं, हें कबूल. पण मामा वरेरकरांनीं शरच्चंद्र मराठींत आणले नसते, तर आपल्या आज्या-पणज्यांना बंगालचीं घरें कोणीं दाखविलीं असतीं? साने गुरुजींनीं तमिळ 'कुरल' मराठींत आणला, आणि १९५० सालीं त्यांचें निधन झालें त्यापूर्वींच्या काळांत प्रांताप्रांतांनीं एकमेकांच्या भाषा व साहित्य जाणावें असा आंतरभारतीचा ध्यास घेतला. पुढें १९५४ मध्यें साहित्य अकादमी आणि १९५७ मध्यें नॅशनल बुक ट्रस्ट या संस्था निघाल्या, आणि त्यांनीं अनेक भारतीय भाषांतील ग्रंथ एकमेकींत आणले. उमा कुलकर्णींनीं भैरप्पांच्या 'पर्व'सारख्या कन्नड कादंबऱ्या मराठी वाचकांच्या हातीं दिल्या. शंभर टक्के रस मिळेपर्यंत उपाशी राहण्यापेक्षां मिळेल तो घ्यावा, हें शहाणपणाचें. आणि पुस्तकें मिळत नाहींत ही सबबहि फारशी चालावयाची नाहीं. पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ चें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें. सार्वजनिक वाचनालयांची आपली परंपरा जुनी आहे. जुनी आहे ती तेथें जाऊन नेहमींच्याच कपाटासमोर उभें राहण्याची आपली संवयहि!

आतां सासूबाईंविषयीं. पहिल्या वर्गासाठीं त्यांनीं अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' निवडली. अण्णाभाऊ वाटेगांवचे, मातंग समाजांत १९२० सालीं जन्मलेले. शाळेचें तोंड त्यांनीं जेमतेम पाहिलें, आणि १९५९ मध्यें ही कादंबरी लिहून ती डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. दुष्काळांत उपाशी माणसांसाठीं धान्य लुटणारा आणि इंग्रज सत्तेशीं झुंजणारा फकिरा सासूबाईंनीं भिंग हातांत घेऊन तीन आठवडे वाचला. दिवाळीपूर्वींच्या एकादशीला त्यांची बोलण्याची पाळी होती, पण "अजून कांहीं बोलण्यासारखें नाहीं" म्हणून त्या उठून गेल्या. पुस्तक रुचलें नसावें, असें आम्हीं समजलों.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं पुतणीनें बाजारांतून नवी केरसुणी आणून पाटावर ठेवली आणि तिला हळदकुंकू वाहिलें. सासूबाई खुर्चीवर बसून पाहत होत्या. एकाएकीं त्या बोलूं लागल्या.

"माझ्या माहेरीं दर दिवाळीला मांगवाड्यांतली एक बाई परसदारीं केरसुण्या घेऊन यायची. शिंदीच्या पानांच्या, स्वतः बांधलेल्या. आई वरूनच तिच्या पदरांत धान्य टाकायची, केरसुणीवर पाणी शिंपडायची आणि मग ती घरांत घ्यायची. संध्याकाळीं त्याच केरसुणीला लक्ष्मी म्हणून आम्ही सारीं नमस्कार करायचों. लग्न होईपर्यंत दरवर्षीं मीं तिला पाहिलें."

"तिचें नांव काय होतें, आजी?" पुतणीनें विचारलें.

"तेंच आठवतेंय तीन आठवडे," सासूबाई म्हणाल्या. "आठवत नाहीं, कारण ठाऊकच नव्हतें. कोणी विचारलेंच नाहीं कधीं. 'केरसुणीवाली आली' एवढेंच म्हणायचों."

घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं. मला त्या कमिशनरच्या परिच्छेदाची आठवण झाली. त्यानें निदान परिच्छेद तरी योजिला होता!

कादंबरी वाचून कोणाचें ऋण फिटत नाहीं, हें मला समजतें. सासूबाईंनाहि तें समजत होतें. परंतु जें ऋण आहे हेंच साठ-सत्तर वर्षें ध्यानांत आलें नव्हतें, तें त्या पुस्तकानें ध्यानांत आणून दिलें. आमच्या कपाटांतील शेंकडों कादंबऱ्यांना हें साधलें नाहीं. त्यांचा त्यांत दोष नाहीं. तीं घरें आम्हांला आधींपासूनच ठाऊक होतीं, आणि त्या घरांच्या परसदारीं कोण उभें असतें, हें त्या घरांतून सहसा दिसत नाहीं.

कार्तिकी एकादशीला आमच्या नेमाचें उद्यापन झालें. वीसांपैकीं सतरा कादंबऱ्या वाचून झाल्या, तीन राहिल्या. त्याची कोणीं खंत केली नाहीं. रात्रीं वही वाचली गेली. 'फकिरा'पुढें सासूबाईंनीं कादंबरींतील माणसांचीं नांवें आपल्या वळणदार अक्षरांत ओळीनें लिहिलीं होतीं. त्या ओळीखालीं आणखी एक नोंद होती: 'केरसुणीवाली. नांव विचारावयाचें राहिलें.'

वाचक भगिनी-बंधूंना माझी विनंति एवढीच आहे. येत्या आषाढीला कांद्या-वांग्याबरोबर आपले आवडते लेखकहि चार महिने बाजूला ठेवून पाहावे. ते कोठें जात नाहींत. कार्तिकीनंतर पारण्याला पुन्हां आपलेच आहेत. नेम एकट्यानें धरूं नये, घरांतील वडील माणसें व मुलें यांना बरोबर घ्यावें, आणि पुस्तकें थोडकींच घ्यावीं. वहींत मात्र कोण भेटलें तें नांवानिशीं लिहावें.