थोडी दारू काळजाला चांगली का?

आम्ही खेड्यापाड्यांत जातो, तेव्हा पारावर कोणीतरी हमखास म्हणतो, "थोडी घेतली तर काळजाला बरं असतं!" हे खरं आहे का? चला, नीट पाहू या.

ही समजूत परदेशातून आली. तिकडे पुष्कळ लोक द्राक्षाची दारू थोडी थोडी पितात. तिला वाइन म्हणतात. थोडी वाइन पिणाऱ्यांना हृदयाचे विकार कमी होतात, असे काही डॉक्टरांना दिसले. लगेच लोक म्हणाले, "हा दारूचाच गुण!"

पण कोंबडा आरवतो म्हणून का सूर्य उगवतो? दोन गोष्टी बरोबर घडल्या, म्हणजे एक दुसरीचे कारण होत नाही.

युरोपात डेन्मार्क नावाचा देश आहे. तेथील संशोधकांनी मोठ्या दुकानांतील ३५ लाख खरेद्यांचा हिशेब तपासला. दारूबरोबर लोक पिशवीत आणखी काय घालतात, ते पाहिले. २००६ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. वाइन घेणाऱ्यांच्या पिशवीत फळे, भाज्या आणि कमी चरबीचे मांस जास्त होते. बिअर घेणाऱ्यांच्या पिशवीत आयते शिजवलेले पदार्थ, साखर, लोणी आणि बटाट्याचे तळलेले काप जास्त होते.

आता तुम्हीच सांगा, काळीज कोणी राखलं? बाटलीनं की ताटानं?

आणखी एक गोष्ट आहे. न पिणाऱ्यांत काहीजण आजारी पडल्यामुळे दारू सोडलेले असतात. त्यांना त्यांत मोजले, तर न पिणारेच जास्त आजारी दिसतात!

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले, की दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही.

दारूने रक्तदाब वाढतो. हृदयाचे ठोके अनियमित होतात. वर्षानुवर्षे फार प्यायल्याने हृदयाचा स्नायू दुबळा होतो. मग चालताना धाप लागते, पायांवर सूज येते.

दारूबरोबर चखणा येतो. खारे दाणे, शेव, तळलेली भजी. त्यात मीठ फार. मिठानेही रक्तदाब वाढतो. मोठ्या माणसाने सगळे मिळून दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे चहाचा एक लहान चमचा, तोही शिगोशीग नव्हे. चखण्याने पोट भरते आणि घरची भाकरी, आमटी, पालेभाजी तशीच राहते. शिवाय गुत्त्यावर गेलेला पैसा पोरांच्या दुधातून आणि डाळीतून जातो. म्हणजे एकाच्या पिण्याने सगळ्या घराचे ताट बिघडते.

मग काळजासाठी काय करावे? ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी खावी. पेरू, केळी अशी आपल्याकडची फळे खावीत. मीठ आणि तळण कमी करावे. तंबाखू, बिडी सोडावी. रक्तदाब अधूनमधून तपासून घ्यावा. जो पीत नाही, त्याने औषध म्हणून सुरू करू नये. जो पितो, त्याने कमी करत करत सोडावी.

मात्र एक जपा. जो रोज भरपूर पितो, त्याने एकाएकी आपल्या मनाने बंद करू नये. हात कापतात, झटके येतात, कधी जिवावरही बेतते. आधी आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना भेटावे. त्यात लाज कसली? तापावर औषध घेतो, तसंच हे!