पंख गळालेली मोठी मुंगी दिसली? राणी आहे का, हे असं ओळखा

मार्कंडा (ता. चामोर्शी) : मृगाचा पाऊस पडून गेला की संध्याकाळी बल्बभोवती पंखवाल्या किड्यांची गर्दी होते. सकाळी अंगणात पंखांचा सडा दिसतो आणि एखादी मोठी मुंगी भिंतीच्या कडेनं एकटीच फिरत असते. अशी मुंगी काचेच्या नळीत ठेवून तिचं कुटुंब वाढताना पाहण्याचा छंद अनेक देशांत आहे. त्याचे व्हिडिओ आता गावातही पाहिले जातात. पण पकडलेली मुंगी राणीच नसेल तर तिचं कुटुंब वाढणार नाही, जीव मात्र फुकट जाईल.

आधी वाळवी की मुंगी?
बल्बजवळ येणारे बरेच किडे वाळवीचे, म्हणजे उधईचे असतात. उधईचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात, कंबर जाड असते आणि मिशा सरळ असतात. मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान असतात. कंबर बारीक असते, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात.

आकारावर जाऊ नका, पाठ पाहा
काळ्या मुंगळ्यांत काही कामकरी मुंग्या चांगल्याच मोठ्या असतात. त्यांचं डोकं मोठं, पण पाय जोडलेला मधला भाग सडपातळ असतो. अनेक जण यालाच राणी समजतात. राणीचा मधला भाग फुगीर आणि भक्कम असतो, कारण तिथे उडण्याचे स्नायू असतात. पंख गळाले असतील तर त्या जागी दोन्ही बाजूंना बारीक खुणा दिसतात. तिचं पोटही मोठं असतं. नर मुंगीला पंख असतात, पण तिचं डोकं लहान आणि अंग बारीक असतं. मीलनानंतर नर लवकरच मरतो.

पंख असलेली प्रत्येक मादी अंडी घालायला तयार असतेच असं नाही. आंब्यावरच्या लाल मुंग्यांचं पानांचं घरटं चटणीसाठी तोडलं, तर कधी त्यात पंखवाल्या मोठ्या हिरवट माद्या निघतात. त्या उडायच्या आधीच्या, मीलन न झालेल्या असतात. लाल मुंग्यांच्या एका कुटुंबाची झाडावर बरीच घरटी असतात, पण अंडी घालणारी राणी सहसा एकाच घरट्यात असते.

फोटो कसा काढावा
शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून वरून आणि बाजूने असे दोन फोटो घ्या. तारीख, वेळ, जागा लिहून ठेवा. फोटोवरून मुंगीचा गट बहुतेक वेळा कळतो. नेमकी जात सांगायला मात्र अनेकदा जाणकाराला भिंगाखाली पाहावं लागतं.

राणी का महत्त्वाची?
मीलन एकदाच होतं, ते बीज राणी आयुष्यभर साठवून वापरते. मुंगळ्याची राणी पहिली पिल्लं कामाला लागेपर्यंत काही खात नाही, अंगातल्या साठ्यावर आणि उडण्याच्या स्नायूंवर जगते. युरोपातल्या एका काळ्या मुंगीची पाळलेली राणी 28 वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. राणी उचलली की तिच्यापासून उभं राहणारं सारं कुटुंबच जागेवरून जातं.

पैशाच्या आमिषाला भुलू नका
एप्रिल 2025 मध्ये केनियात दोन बेल्जियन तरुण सुमारे 5 हजार राणी मुंग्यांसह सापडले. कापूस घातलेल्या नळ्यांत त्या भरल्या होत्या. मे महिन्यात न्यायालयाने त्यांना प्रत्येकी 10 लाख केनियन शिलिंगचा दंड ठोठावला. न भरल्यास 12 महिने कैद.

आपल्याकडेही चपराळासारख्या अभयारण्यातून परवानगीशिवाय कोणताही वन्यजीव उचलणं गुन्हा आहे. इतर जंगलातही आधी वनरक्षकाला विचारावं. कुणी फोनवरून "राणी मुंगी द्या, पैसे देतो" म्हणालं, तर सरळ नाही म्हणा. अंगणात राणी दिसली तर ओळखा, फोटो घ्या आणि तिला ओल्या मातीकडे जाऊ द्या. तिला बीळ करायचं असतं.