वाळविलेली कोय का रुजत नाही?

चिंचोके डब्यात घालून ठेवावे, वर्षाने पेरावे, तरी ते बहुधा रुजतात; आंब्याची कोय मात्र तितके दिवस कोरड्या फडताळात राहिली तर मेलीच म्हणून समजावे. आवडत्या आंब्याची कोय पुढच्या मृगासाठी जपून ठेवणारे पालक आमच्या माहितीचे आहेत. (हापुसाच्या कोयीपासून हापूसच येईल असे नाही, हा भाग निराळा.) त्यांच्या काळजीत उणे काहीच नसते, उलट त्या काळजीनेच, उन्हात खडखडीत वाळविल्यानेच, कोय निर्जीव होते.

ज्वारी, चिंच, बाभूळ यांचे बी पक्व होत असता आपल्यातील पाणी टाकीत जाते. मग पेशींतील शर्करा व काही विशिष्ट प्रथिने काचेप्रमाणे घट्ट होऊन आतील नाजूक पडदे सांभाळून धरतात. श्वसन जवळजवळ थांबते व बी जणू निद्रिस्त होते. इस्राएलातील मसादा येथे सापडलेले सुमारे २,००० वर्षांपूर्वीचे खजुराचे बी २००५ साली रुजले, ते या निद्रेच्याच बळावर.

आंबा, फणस, जांभूळ, कोको, रबर यांच्या बियांस ही विद्या येत नाही. त्या ओल्याच गळतात, व गळतानाही त्यांचे श्वसन चालू असते. पाणी आटले की पेशींचे पडदे फाटतात. थंडीत ठेवाव्या तर पाण्याचे बर्फ होऊन पेशी फुटतात. कोकोसारख्या बियांस तर बर्फ होण्यापूर्वीचा गारठाही मारक होतो. ओल्या व उबदार जागी ठेवाव्या तर त्यांस मोड येतात, नाहीतर बुरशी. इंग्लंडातील शास्त्रज्ञ रॉबर्ट्स यांनी १९७३ साली अशा बियांस ‘हट्टी’ अशा अर्थाचे नाव दिले. आमच्या मते त्यांस उतावीळ म्हणणे अधिक न्याय्य. जांभूळ ऐन पावसाच्या तोंडावर गळते; खाली ओली माती तयारच असते; मग त्याने थांबावे कशास? कोकणच्या खाड्यांतील कांदळाचे बी तर झाडावरच रुजून खाली पडते.

या उतावीळपणाची किंमत मोठी आहे. १८७६ साली हेन्री विकॅम याने ब्राझीलमधून रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनजवळील क्यू उद्यानात आणविल्या. त्यांतून रोपे उगवली अवघी २,७०० च्या आसपास. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात २००८ पासून जगातील पिकांची बियाणी उणे १८ अंशांत साठविली जात आहेत. पण आंबा, फणस, कोको यांच्या बियांस तेथे जागा नाही. छत्तीसगडातील सालवृक्षाचे बी जेमतेम आठवडाभर टिकते. सालाचे अरण्य एकदा तुटले तर ते पुन्हा उभे करण्यास कोणत्याही कोठारात पोती शिल्लक नसतात. म्हणून अशा वृक्षांचा संग्रह जिवंत बागांतूनच करावा लागतो. फणस, चहा अशा काहींच्या बाबतीत बीमधील इवलासा अंकुर काढून, झटपट सुकवून, उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनात राखण्याचे प्रयोग साधले आहेत.

शाळेत वा घरी हे साधण्याजोगे नाही. आपण कोय धुऊन गर काढावा, उन्हात न घालता सावलीतच ठेवावी, आणि आठवड्याच्या आत ओलसर वाळूत पुरावी. जांभळाच्या बीस तितकाही विलंब लावू नये.